बंद खोली आणि मुलांची फुंक

"खोल श्वास घे... अजून घे... आता फुंक! फुंक, फुंक, फुंक, थांबू नकोस, अजून, अजून, अजून... शाब्बास!"

दिवसभरात हे किती वेळा ओरडते याचा मी हिशेब ठेवत नाही. फुफ्फुसांची तपासणी म्हणजे पीएफटी. ती करण्याच्या खोलीत माझी सतरा वर्षं गेली. समोर पाच-सहा वर्षांचं मूल असलं की नुसतं ओरडून भागत नाही, सोबत हातवारेही करावे लागतात. पडद्यावर मेणबत्त्या पेटलेल्या असतात आणि त्या एका फुंकेत विझवायच्या असतात. नाकाला चिमटा, तोंडात नळी, ओठ घट्ट मिटलेले. पहिल्या खेपेला मूल नुसते गाल फुगवतं. दुसऱ्या खेपेला त्याला आईकडे बघून हसू येतं आणि नळी सुटते. तिसऱ्यांदा जमतं, आणि जमलं की लगेच खोकल्याची उबळ येते. तो खोकला सरळ माझ्या तोंडावर येतो, कारण मी त्याच्यापुढे दोन फुटांवर गुडघे टेकून बसलेली असते.

म्हणून २०२० च्या मार्चमध्ये आमच्या खोलीला कुलूप लागलं, तेव्हा मला ते पटलं होतं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं, २५ तारखेपासून देशात टाळेबंदी आली. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या श्वसनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं की अगदी अडलं असेल तरच ही चाचणी करा. आमच्याकडे पुरेसे एन-९५ नव्हते, लस नव्हती, विषाणू हवेतून पसरतो की नाही यावर जाणकारांचंच एकमत नव्हतं. अशा वेळी मुलांना जोरात फुंकायला लावणं हा वेडेपणा झाला असता. त्या पहिल्या काही महिन्यांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल आहे. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या सूचनांमध्ये टप्पे होते. साथ जोरात असताना काय करायचं, ओसरू लागल्यावर काय, आणि संपल्यावर काय, हे वेगवेगळं लिहिलेलं होतं. आपल्याकडे त्यातला पहिला टप्पा तेवढा वाचला गेला. मोठ्यांच्या चाचण्या त्या मानाने लवकर सुरू झाल्या. ऑपरेशनआधी फिटनेस हवा होता, कोविडनंतर फुफ्फुसं किती सावरली तेही बघायचं होतं. मुलं मात्र रांगेत शेवटी राहिली. मी काम करते तिथे तसं झालं, आणि दुसऱ्या शहरांतल्या माझ्या ओळखीच्या तंत्रज्ञांनीही तेच सांगितलं. "लहान मुलांना कोविड सौम्य होतो, त्यांची टेस्ट काय, नंतर करू" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्यातली चूक दिसायलाच मला वेळ लागला. कोविड सौम्य होता म्हणून त्या मुलाचा आधीचा आजार सौम्य होत नाही.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. बाळदमा ओळखायला दर वेळी यंत्र लागत नाही. रात्री वाढणारा खोकला, छातीतली घरघर, घरातल्या कुणाला असलेला दमा किंवा ॲलर्जी, पंप (इनहेलर) दिल्यावर पडणारा फरक, एवढ्यावर अनुभवी बालरोगतज्ज्ञ निदान करतात आणि ते बहुधा बरोबर असतं. पाच वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना ही फुंक नीट जमतही नाही. तेव्हा ज्याला खोकला आहे त्या प्रत्येक मुलाला नळीत फुंकायला लावा, असं माझं म्हणणं नाही.

पण काही मुलांचं पान या चाचणीच्या आकड्याशिवाय हलत नाही. ड्युशेनसारख्या स्नायूंच्या आजारात पोरगं हळूहळू चाकाच्या खुर्चीत बसतं. एका दमात किती हवा बाहेर टाकता येते ते दर काही महिन्यांनी मोजलं तरच रात्रीच्या श्वासाला यंत्राचा आधार कधी द्यायचा ते कळतं. सिस्टिक फायब्रोसिसची, म्हणजे फुफ्फुसांत चिकट कफ साठत जाणाऱ्या जन्मजात आजाराची मुलं. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेली मुलं, ज्यांच्या फुफ्फुसांतल्या बारीक नळ्या कसलाही गाजावाजा न होता बंद होत जाऊ शकतात. पाठीच्या कण्याच्या ऑपरेशनसाठी थांबलेली मुलं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार घेऊन जगणारी मुलं, ज्यांच्या छातीचं दुखणं बघता बघता जिवावर बेतू शकतं. आणि भरपूर औषध घेऊनही दमा आटोक्यात न येणारी मुलं. यांना "नंतर या" म्हणायचं, तर ते "नंतर" म्हणजे कोणती तारीख, हे सांगावं लागतं. ते कुणी सांगितलं नाही.

बंदीची किंमत लगेच दिसली नाही, याचंही कारण आहे. २०२० मध्ये जगभर मुलांचे दम्याचे अटॅक कमी झाले होते. शाळा बंद, त्यामुळे सर्दीचे नेहमीचे विषाणू फिरेनात, रस्त्यावरचा धूरही कमी झाला. पालक सांगायचे, "पोरगं एकदम ठणठणीत आहे." माझ्याकडे सासवडच्या बाजूने एक मुलगी यायची. २०१९ मध्ये सहा वर्षांची होती. पडद्यावरच्या सगळ्या मेणबत्त्या विझवल्याशिवाय स्टुलावरून उतरायची नाही. पुढची तारीख एप्रिल २०२० ची होती. ती तारीख हुकली. त्यानंतर तारीखच मिळाली नाही. टाळेबंदीत ती छान राहिली, म्हणून घरच्यांनी रोजचा पंप थांबवला. आजीचं म्हणणं, पंपाची सवय लागते. २०२२ च्या सुरुवातीला शाळा उघडल्या आणि काही आठवड्यांतच एका रात्री तिला उचलून आणावं लागलं. नंतर तपासणीला आली तेव्हा आलेखाची रेघ मध्येच खचलेली होती, उशी दाबल्यासारखी. तिची आई मला म्हणाली, "मॅडम, ती तर बरीच होती हो."

तपासणी झाली असती तर ती रात्र टळलीच असती, असा दावा मी करणार नाही. पण "बरी दिसते" आणि "बरी आहे" यांत फरक असतो, आणि तो दाखवायलाच हे यंत्र आहे. श्वासनळ्या हळूहळू आवळत गेल्या तर मुलाला त्याची सवय होते. ते पळायचं थांबतं आणि कडेला बसून बाकीच्यांचा खेळ बघतं. आईला वाटतं, पोर शहाणं झालं. भारतात दम्याचे रुग्ण साडेतीन कोटींच्या घरात आहेत. जगातल्या एकूण दमेकऱ्यांच्या मानाने हा आकडा फार मोठा नाही, पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्याकडे होतात. उशिरा निदान, अर्धवट उपचार, पंपाची भीती अशी त्याची कारणं आहेत. अशा देशात मोजण्याचं साधन बंद ठेवणं परवडत नाही.

आता धोक्याबद्दल. ही चाचणी "एरोसोल उडवणाऱ्या" प्रक्रियांच्या यादीत गेली आणि तिथेच चिकटली. एरोसोल म्हणजे श्वासाबरोबर बाहेर पडणारे इतके बारीक कण की ते खाली न पडता हवेत तरंगत राहतात. ब्रिटनमध्ये ३३ निरोगी माणसं आणि फुफ्फुसाचे १० रुग्ण घेऊन हे कण प्रत्यक्ष मोजले गेले. सगळ्यात जास्त कण निघाले ते साध्या खोकल्यातून. त्याखालोखाल फिल्टर न लावता पीक फ्लो मीटरमध्ये (फुंकेचा जोर मोजणारं हातातलं साधं उपकरण) मारलेल्या फुंकेतून. त्याच मीटरला विषाणू अडवणारा फिल्टर लावल्यावर कण दहा पटींनी घटले आणि रीडिंगमध्ये फरक पडला नाही. फिल्टर लावून केलेल्या स्पायरोमेट्रीपेक्षा, म्हणजे आमच्या या नळीतल्या फुंकेच्या चाचणीपेक्षा, रुग्णांच्या खोकल्यातून २२ पट जास्त कण निघत होते. अभ्यास छोटा होता आणि मोठ्या माणसांवर होता, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी त्याने बोट नेमक्या जागी ठेवलं. धोका नळीतून फारसा येत नाही. नळी तोंडातून काढल्यावर जो खोकला येतो, त्यातून तो येतो.

मग आपण काय केलं ते बघा. चाचणीच्या खोलीला कुलूप, आणि बाहेर ओपीडीच्या बाकड्यावर वीस मुलं खोकत बसलेली. तिथे खिडकी नाही, फिल्टर नाही, अर्ध्यांचे मास्क हनुवटीवर. कोपऱ्यात वाफेचं मशीन (नेब्युलायझर) चालू, एकाच्या तोंडाचा मास्क पुसून दुसऱ्याला लावलेला. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शिकेने साथीच्या काळात वाफेऐवजी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप द्या, असं स्पष्ट सांगितलं होतं. वाफ चालू राहिली कारण ती लोकांना हवी होती. चाचणी बंद राहिली कारण ती कुणी मागत नव्हतं. याला सावधगिरी म्हणायला माझं मन तयार होत नाही.

मधल्या काळात आणखी एक पद्धत निघाली. आधी आरटी-पीसीआर करा, निगेटिव्ह आली तरच या. गावाकडून येणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ दोन खेपा, दोनदा मजुरी बुडणं आणि पोराच्या नाकात काडी. शिवाय तो रिपोर्ट नमुना घेतला त्या दिवसाचा असतो. आज सकाळी एसटीत शेजारी कोण बसलं होतं, ते त्यात कळत नाही. ज्याला ताप आहे त्याची चाचणी पुढे ढकला, हे ठीक. पण बाकीच्यांसाठी कागदावर विसंबण्यापेक्षा खोलीतल्या हवेवर विसंबणं जास्त भरवशाचं आहे, कारण हवा त्या खोलीतल्या प्रत्येकाला उपयोगी पडते. तंत्रज्ञालाही.

हवेचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला पाठ असायला हवा. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला ४६ मिनिटं लागतात. तासाला बारा वेळा बदलत असेल तर २३ मिनिटं. दोनदाच बदलत असेल तर दोन तासांहून जास्त. यावरून दोन मुलांमध्ये किती वेळ सोडायचा ते ठरतं. आणि आपल्या पीएफटीच्या खोल्या कशा असतात? जिन्याखालची नाहीतर भांडारघराची जागा, आठ बाय दहाची, खिडकीला प्लायवूड ठोकलेलं, वर स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा थंड करून परत फिरवतो. खोली थंड असते म्हणून ती स्वच्छ वाटते, एवढंच.

पेरूची राजधानी लिमा. क्षयरोगाने गांजलेल्या त्या शहरातल्या रुग्णालयांमध्ये हा हवेचा हिशेब प्रत्यक्ष मोजला गेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की तासाला साधारण २८ वेळा हवा बदलत होती. जास्त धोक्याच्या खोल्यांसाठी महागड्या यंत्रांनी गाठायचं प्रमाण १२ आहे, हे लक्षात घ्या. आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतींनी नव्या इमारतींना मागे टाकलं होतं. हे वाचलं आणि मला आपली जुनी रुग्णालयं आठवली. पुण्याचं ससून १८६७ चं, मुंबईचं जे.जे. त्याच्याही आधीचं. दगडी भिंती, उंच छत, लांबलचक व्हरांडे. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम बांधणाऱ्यांना मोकळ्या हवेची किंमत ठाऊक होती. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा हवा हेच औषध होतं. पुढे औषधं आली आणि आपण व्हरांड्यांना ॲल्युमिनियमच्या काचा लावून केबिनी काढल्या.

मुलांच्या बाबतीत धोका कमी करायचे काही उपाय तर यंत्राशिवायचे आहेत, आणि ते आम्हाला नाइलाजाने सापडले. ही चाचणी ग्राह्य धरायला निदान तीन नीट फुंका लागतात. त्या मिळेपर्यंत मोठ्या माणसाला आठ वेळापर्यंत संधी द्यायची असा दंडक आहे. मुलांना त्याहूनही जास्त वेळा फुंकावं लागू शकतं. प्रत्येक वाया गेलेली फुंक म्हणजे आणखी एक खोकला. मग खोलीत यायच्या आधीच मुलाला फुंकायला का शिकवू नये? आमच्याकडे व्हरांड्यात, मोकळ्यावर, प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं जातं. घरी जाताना ते त्याचंच. "हे थांबू द्यायचं नाही, पोटातली सगळी हवा संपेपर्यंत फिरवायचं." दोन-चार वेळा भिरभिरं फिरवलं की त्याला कळतं, गाल फुगवायचे नाहीत, एकदम जोरात सोडायचं आणि सोडत राहायचं. आत आल्यावर तीन-चार फुंकांत काम होतं. पहिली फेरी झाली की स्पेसरमधून पंपाचे चार पफ द्यायचे आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं असतं. ती पंधरा मिनिटंही व्हरांड्यात. आत बसून वाट बघण्याचं काही कारण नाही. खोलीत एकच पालक, त्यांचा मास्क पक्का, मुलाचा फक्त फुंकेपुरता खाली. आणि मी आता समोर बसत नाही. बाजूला, खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे वारा माझ्याकडून त्याच्याकडे जातो. मूल मान वळवून माझे हातवारे बघतं, चालतं.

ज्यांना जोरात फुंकणं जमत नाही किंवा झेपत नाही, त्यांच्यासाठी ऑसिलोमेट्री आहे. मूल नळीतून नेहमीसारखा श्वास घेत राहतं आणि यंत्र हवेच्या हलक्या लहरी सोडून श्वासनळ्यांचा अडथळा मोजतं. तीन-चार वर्षांची मुलंही ती करू शकतात. ही यंत्रं महाग आहेत, मोजक्या ठिकाणी आहेत. सगळीकडे लगेच येतील अशी आशा दाखवणं बरं नव्हे.

घरी मोजण्याचंही तसंच. ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना साथीच्या काळात छोटे स्पायरोमीटर घरी देण्यात आले. आपल्याकडे निदान साधा पीक फ्लो मीटर देता आला असता. मुलाचा चांगल्या दिवसातला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, ५० ते ८० मध्ये आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध वाढवायचं, ५० च्या खाली गेला तर रिक्षा बोलवायची. मुलं घरी कमी जोर लावतात, आईवडील आकडा फुगवून लिहितात, हे सगळं होतं. व्हिडिओ कॉलवर कुणीतरी फुंकून घेतलं तर ते बरंच सुधारतं. चाचणीची जागा हे घेऊ शकत नाही. पण कुणाला तातडीने बोलवायचं आणि कुणाला महिनाभर थांबवता येईल, ते यावरून कळतं.

या सगळ्यात एक माणूस विसरला जातो, तो नळीच्या या बाजूचा. मुलांच्या चाचण्या चालू ठेवा म्हणणारे बहुतेकदा त्या खोलीत बसत नाहीत. मी बसते, म्हणून बोलते. तंत्रज्ञाला मापाचा एन-९५ न देता, खिडकीचं प्लायवूड न काढता, कंत्राटावर ठेवून आजारपणाची रजाही न देता "सेवा चालू ठेवा" म्हणणं हा अन्याय आहे. त्याला घाबरून जर कुणी खोली बंद ठेवली असेल तर दोष त्याचा नाही. एकदाच वापरून टाकायचा फिल्टर पैसे वाचवायला तीन-तीन मुलांना वापरलेला मी एका ठिकाणी पाहिला आहे. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने खरेदी विभागाकडे चार वेळा मागणी केली होती. फिल्टर "उपकरण" की "उपभोग्य वस्तू" यावर फाइल अडली होती.

आणि हे फक्त पुढच्या महासाथीसाठी आहे, असं समजू नका. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. क्षय हवेतूनच पसरतो. न कळलेला क्षय घेऊन खोकणारा बाप मुलाला मांडीवर घेऊन माझ्या खोलीत आजही येतो. गोवर येतो, फ्लू येतो. दोन सिस्टिक फायब्रोसिसची मुलं एकमेकांना घातक जंतू देऊ शकतात म्हणून त्यांना एका दिवशी बोलवायचं नाही, हा नियम परदेशातल्या केंद्रांनी कोविडच्या कितीतरी वर्षं आधीपासून पाळला. ही शिस्त नवी नाही. ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं आणि आपण मास्कबरोबर तिलाही कपाटात टाकलं.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्हा रुग्णालयात मुलांच्या फुंकेसाठी बाहेर उघडणारी खिडकी असलेली एक खोली ठरवा. तिथे कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावा, जो माणसांच्या श्वासाने हवा किती कोंदली ते सांगतो. फिल्टर दरवर्षीच्या खरेदीत औषधांइतक्याच हक्काने घाला. आणि साथ आली तर कुठल्या आजाराच्या मुलांची चाचणी कुठल्याही परिस्थितीत थांबवायची नाही, त्यांची यादी आत्ताच, शांत डोक्याने लिहून भिंतीवर लावा. ती यादी करायला बालरोगतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि एखादी ड्युशेनच्या मुलाची आई एका टेबलाशी बसली तर एक दुपार पुरे.

आमच्या खोलीचं प्लायवूड निघायला चौदा महिने लागले. शेवटी रुग्णालयाच्या सुताराने जेवणाच्या सुट्टीत येऊन ते उचकटलं, वीस मिनिटांत. खिडकी उघडली तेव्हा धूळ आली, गुलमोहराची पानं आली, आणि मी स्वतः विकत घेतलेल्या मीटरवरचा चार अंकी आकडा अर्ध्या तासात तीन अंकी झाला. त्या दुपारी पहिलं मूल आत घेतलं ते एक ड्युशेनचं, अकरा वर्षांचं. दोन वर्षं आणि एक महिन्यानंतर त्याची फुंक मोजली जात होती. त्याचा बाप दारात उभा होता. आधीचा कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता, शेजारी ठेवून बघायला.